व्हीए कर्जावर घर घेताना अप्रेझल आणि इन्स्पेक्शन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सॅन अँटोनिओत राहतो. गावाभोवती लष्कराचे मोठाले तळ, त्यामुळे आर्मी-एअर फोर्समधली तरुण मराठी जोडपी अधूनमधून आमच्याकडे जेवायला येतात. वरणभात होईपर्यंत इकडचं-तिकडचं चालतं. ताकाचा पेला हातात आला की प्रश्न ठरलेला : "ताई, व्हीएचं अप्रेझल झालंय, म्हणजे घर तपासून झालंच ना? मग त्या इन्स्पेक्टरला वेगळे पैसे कशाला?"

माझा नवरा अमेरिकन आर्मीत होता. दोन घरं आम्ही व्हीए कर्जावर, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने (व्हीए) हमी घेतलेल्या कर्जावर घेतली, आणि पहिल्या वेळी मी नेमका हाच विचार केला होता. त्याची किंमत पुढे सांगतेच. मी वकील नाही, एजंटही नाही. पण तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की एकदाचं लिहून काढलं.

थोडक्यात फरक काय?

अप्रेझल म्हणजे कर्ज देणाऱ्यासाठी केलेलं घराचं मूल्यांकन. इन्स्पेक्शन म्हणजे तुमच्यासाठी केलेली घराची तपासणी. पहिलं सक्तीचं असतं, दुसरं नसतं. गोंधळ इथेच होतो, कारण सक्तीचं तेच महत्त्वाचं असं आपण धरून चालतो.

पुण्यात फ्लॅट घेताना बँकेनेच सगळं तपासलं होतं. इथे वेगळं का?

तिथेही बँकेने सगळं तपासलं नव्हतं, आपल्याला तसं वाटलं होतं. बँकेचा व्हॅल्युअर येऊन मोजमाप घेऊन गेला, वकिलाने सर्च रिपोर्ट दिला. त्यात बाथरूमच्या भिंतीतली ओल कुणी पाहिली होती का? फ्लॅट बुडीत गेला तर विकून पैसे वसूल होतील की नाही, एवढाच बँकेचा प्रश्न होता. "बँकेने लोन दिलं म्हणजे बिल्डिंग क्लिअर आहे" हे वाक्य आपल्या घराघरात इतकं मुरलंय की ते सामानाबरोबर अमेरिकेतही येतं.

इथे त्यात आणखी भर पडते. व्हीए हे सरकारी खातं, शिवाय माजी सैनिकांचं. सरकारी माणूस येऊन घर बघून गेला म्हणजे शिक्काच बसला, असं वाटणं साहजिक आहे. पण तो शिक्का घराच्या तब्येतीचा नाही. व्हीए स्वतःच सांगतं की अप्रेझल म्हणजे इन्स्पेक्शन नव्हे, आणि घर निर्दोष असल्याची हमी आम्ही देत नाही.

व्हीए नक्की करतं काय? कर्ज तेच देतं ना?

नाही. कर्ज बँक, क्रेडिट युनियन किंवा मॉर्गेज कंपनी देते. व्हीए त्यातल्या काही हिश्श्याची, पूर्ण हक्क शिल्लक असेल (म्हणजे त्याचा काही भाग आधीच्या व्हीए कर्जात अडकलेला नसेल) तर साधारण २५ टक्क्यांची, हमी घेतं. या हमीमुळेच लेंडर (कर्ज देणारा) डाउन पेमेंट न घेता कर्ज द्यायला तयार होतो. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४४ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केलेल्या 'जीआय बिल' कायद्यातून ही सोय सुरू झाली. पूर्ण हक्क असणाऱ्यांसाठी कर्जाची वरची मर्यादा २०२० पासून गेली, पण तुमचं उत्पन्न पाहून लेंडर स्वतःची मर्यादा लावतोच.

हमी कर्जाची आहे, घराची नाही. बाकीचे निम्मे गोंधळ एवढ्याने सुटतात.

अप्रेझर कोण निवडतं? आमचा एजंट त्याच्या ओळखीचा आणतो म्हणाला.

तसं चालत नाही. लेंडर व्हीएच्या यंत्रणेतून मागणी नोंदवतो आणि व्हीए आपल्या यादीतल्या अप्रेझरला पाळीपाळीने काम देतं. तुम्ही, एजंट, विकणारा, लेंडर, कुणालाही अप्रेझर निवडता येत नाही, आणि ते बरंच आहे.

तो येऊन काय बघतो?

दोन गोष्टी. एक, किंमत : आसपास अलीकडे विकल्या गेलेल्या तशाच घरांशी तुलना करून या घराची वाजवी किंमत किती ठरते. दोन, घर व्हीएच्या किमान अटींत बसतं का. त्या अटींना सगळे 'एमपीआर' म्हणतात, आणि त्यांचा गाभा असा की घर सुरक्षित, बांधकामाने भक्कम आणि आरोग्याला धोका नसलेलं असावं.

प्रत्यक्षात तो छप्पर गळकं किंवा मोडकळीला आलेलं आहे का ते बघतो. वीज, पाणी, सांडपाण्याची व्यवस्था आणि हीटिंग चालू आहे का बघतो. जिथे नळाच्या पाइपलाइन आहेत तिथे निदान ५० अंश फॅरनहाइट तापमान राखता यायला हवं, अशी अट आहे. एसी असायलाच हवा अशी मात्र अट नाही. हे टेक्सासच्या जुलैत कुणाला सांगून बघा! पुढे, १९७८ पूर्वीचं घर असेल आणि रंगाचे पोपडे सुटत असतील तर त्यात शिसं असल्याचं गृहीत धरून ते दुरुस्त करायला लावतात. उच्च दाबाच्या वीजवाहिनीसाठी राखलेल्या पट्ट्यात घराचा भाग येतो का, घरापर्यंत नीट रस्ता आहे का, वाळवीच्या खुणा दिसतात का, हेही त्याच्या यादीत असतं.

या सगळ्यात कळीचा शब्द 'दिसतात' हा आहे. तो फर्निचर हलवत नाही, नळ सोडून अर्धा तास पाणी कुठे जातं ते पाहत नाही, विजेच्या पॅनेलचं झाकण उघडून आतल्या तारा तपासत नाही. काही व्यवहारांत तर तो घरात पाऊलही टाकत नाही. नोंदी आणि दुसऱ्याने दिलेली माहिती बघून टेबलावर अप्रेझल करण्याची मुभा आता ठरावीक परिस्थितीत व्हीए देतं.

मग इन्स्पेक्टर वेगळं काय करतो?

दोन-तीन तास, मोठं घर असेल तर त्याहून जास्त वेळ घर पिंजून काढतो. छपरावर किंवा निदान शिडीवर चढतो, माळ्यावर जातो, फरशीखाली पोकळी असेल तर सरपटत आत शिरतो, प्रत्येक सॉकेट तपासतो, सगळे नळ सोडतो, वॉटर हीटरचं वय बघतो, डिशवॉशर चालवून पाहतो. मग फोटोंसह जाडजूड रिपोर्ट देतो. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं घर आता कोसळणार. तसं नसतं. अगदी चांगल्या घराच्या रिपोर्टमध्येही लहानसहान चाळीस गोष्टी निघतात. त्यातल्या पैसे खाणाऱ्या चार कुठल्या, ते त्यालाच तोंडी विचारायचं.

नेहमीच्या तपासणीत न येणाऱ्या काही गोष्टी वेगळ्या मागाव्या लागतात, आणि त्या गावागणिक बदलतात. आमच्याकडे आणि डॅलस, ऑस्टिनच्या पट्ट्यात चिकणमाती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचा काँक्रीटचा पाया तिच्याबरोबर हलतो. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेलेली दिसली, दार चौकटीत अडकत असलं, तर फाउंडेशनवाला इंजिनिअर बोलवा. कोलोरॅडो स्प्रिंग्जला बदली झालेल्यांनी रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या घातक वायूची चाचणी सोडू नये. दर लिटर हवेत ४ पिकोक्युरीच्या वर आकडा आला तर उपाय करा असं अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते. नॉरफोकला नौदलवाल्यांनी पुराचा नकाशा आधी बघावा, घर नंतर. पूरप्रवण पट्ट्यात घर असेल तर कर्जासाठी पुराचा विमा घ्यावाच लागतो, आणि तो हप्ता दरमहा कायमचा.

आता आमची कथा. पहिलं घर १९६० च्या दशकात बांधलेलं. बाजार तापलेला, एकेका घराला पाच-सहा ऑफर. इन्स्पेक्शनची अट काढून टाकली तर आपली ऑफर वर येईल असा सल्ला मिळाला, आणि अप्रेझल तर होणारच होतं. ते झालं, किंमत बरोबर आली, दुरुस्त्या शून्य. आम्ही पेढे वाटले. चौथ्या महिन्यात न्हाणीघराच्या जाळीतून पाणी उलटं वर यायला लागलं. प्लंबरने कॅमेरा घातला : काँक्रीटखालचे बिडाचे जुने पाइप गंजून तळातून गेलेले. घराखालून बोगदा खणून पाइप बदलले. खर्च पाच आकडी डॉलर. अप्रेझरची काही चूक नव्हती. तो आला त्या दिवशी फ्लश चालत होता.

म्हणजे इन्स्पेक्शन सक्तीचं नाही?

नाही. व्हीए शिफारस करतं, सक्ती करत नाही. मी करते.

पैसे कोण भरतं?

दोन्ही तुम्ही. अप्रेझलची फी व्हीए भागाभागानुसार ठरवून देतं, लेंडर त्यात मनाने वाढ करू शकत नाही. इन्स्पेक्शनचा दर इन्स्पेक्टरवर आणि घराच्या आकारावर असतो. साधारण घराला तीनशे ते पाचशे डॉलर, सांडपाण्याचा कॅमेरा किंवा रेडॉन जोडलं की वर. व्यवहार मोडला तरी हे पैसे परत येत नाहीत.

वाळवीच्या तपासणीची गंमत वेगळी आहे. बऱ्याच राज्यांत व्हीए ती मागतं, आणि पूर्वी बहुतेक ठिकाणी ती फी घेणाऱ्याने भरायला मनाई होती, विकणाऱ्यालाच भरावी लागे. २०२२ च्या जूनपासून सैनिकाला ती भरायची परवानगी मिळाली. त्यामुळे "व्हीएमध्ये वाळवीचे पैसे सेलरच देतो" असं कुणी छातीठोक सांगितलं तर समजा की त्याची माहिती जुनी आहे. मागायला हरकत नाही, तो देईलच असं नाही.

आधी काय करायचं?

इन्स्पेक्शन. टेक्सासच्या करारात 'ऑप्शन पीरियड' असतो. थोडीशी फी देऊन ठरलेल्या दिवसांत कुठल्याही कारणासाठी व्यवहार सोडण्याचा हक्क तुम्ही विकत घेता. त्या दिवसांत इन्स्पेक्शन उरकायचं, घर पसंत राहिलं तर अप्रेझल. म्हणजे घर सोडलंत तर अप्रेझलची फी वाचते. अडचण एवढीच की व्हीएच्या अप्रेझरची तारीख मिळायला कधीकधी वेळ लागतो आणि लेंडर पहिल्याच दिवशी मागणी नोंदवायला निघतो. त्याला स्पष्ट सांगा : इन्स्पेक्टर येऊन जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबा. बहुतेक जण थांबतात. दुसऱ्या राज्यांत या मुदतीचं नाव आणि नियम वेगळे असतात, पण तपासणीसाठी राखलेले दिवस करारात हवेतच.

अप्रेझल ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आलं तर?

समजा घर ३,८०,००० डॉलरला ठरलं आणि अप्रेझरचा अंदाज ३,६५,००० चा आहे. तो आकडा कागदावर पक्का होण्याआधीच व्हीएच्या पद्धतीत एक पायरी येते. तिला 'टाइडवॉटर' म्हणतात, कारण ती व्हर्जिनियातल्या त्याच नावाच्या भागात आधी करून पाहिली गेली. अप्रेझर ठरलेल्या माणसाला, बहुधा लेंडरला, कळवतो की किंमत कमी येण्याची चिन्हं आहेत. आकडा सांगत नाही. तिथून तुमच्या बाजूला कामकाजाचे दोन दिवस मिळतात. त्यात एजंटने त्या घरासारख्या, जवळच्या, अलीकडे विकलेल्या घरांची माहिती द्यायची. एजंट खरा कामाचा आहे की नुसता दार उघडून देणारा, ते या दोन दिवसांत कळतं. "किचन नवीन आहे, शाळा चांगली आहे" या पत्राचा उपयोग नाही, विक्रीचे आकडे लागतात.

तरीही कमीच आलं, तर किमतीच्या फेरविचाराची रीतसर मागणी करता येते. त्यालाही तेच खाद्य लागतं : अप्रेझरने न घेतलेली चांगली उदाहरणं, किंवा त्याच्या अहवालातली चूक, जसं क्षेत्रफळ कमी मोजलं.

तेही फसलं तर विकणारा किंमत उतरवतो, किंवा वरचे १५,००० तुम्ही रोख भरता, किंवा दोघं मिळून भार वाटता, किंवा घर सोडता. व्हीएचं कर्ज ठरलेल्या वाजवी किमतीच्या वर जात नाही, त्यामुळे तो फरक कर्जात घुसवता येत नाही. फरकाचे पैसे आई-बाबा भारतातून पाठवणार असतील तर लेंडर 'गिफ्ट लेटर' (पैसे भेट म्हणून दिल्याचं पत्र) आणि पैशांचा माग मागतो. तिकडून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच पाठवता येतात. मर्यादा पुरेशी आहे, पण बँकेतले कागद आठवडा खातात. क्लोजिंगच्या (सह्या होऊन घर ताब्यात येण्याच्या) आदल्या दिवशी नाशिकच्या शाखेत फोन लावून काही होत नाही.

माझं मत विचाराल तर पाच-सात हजारांचा फरक आणि मनासारखं घर, तर द्या. त्याहून मोठा फरक असेल तर अप्रेझर फुकटात तुम्हाला काहीतरी सांगतोय, ऐका.

किंमत कमी आल्यामुळे घर सोडलं तर इसार बुडतो का?

नाही. व्हीए कर्जाच्या खरेदी-करारात 'एस्केप क्लॉज' नावाचं कलम घालावं लागतं. ठरलेली किंमत व्हीएने काढलेल्या वाजवी किमतीपेक्षा जास्त निघाली, तर खरेदीदारावर घर घेण्याची सक्ती नाही आणि त्याचा इसारही जप्त होत नाही. तरीही घ्यायचं असेल तर तीही मोकळीक आहे.

पण हे कलम फक्त किमतीपुरतं आहे. किंमत बरोबर आली आणि इन्स्पेक्शनमध्ये पाया खचलेला निघाला, तर हे कलम मदतीला येत नाही. तिथे तुम्हाला तपासणीची मुदतच वाचवते. ती मुदत टळून गेल्यावर इन्स्पेक्टर बोलावलात तर रिपोर्ट हातात आणि इसार दुसऱ्याच्या हातात.

अप्रेझरने दुरुस्त्या सुचवल्या. कुणी करायच्या?

बहुधा विकणारा करतो, करून झाल्याचा पुरावा जातो आणि मग क्लोजिंग होतं. तो नाही म्हणाला तर तुम्हीही करू शकता. फक्त लक्षात ठेवा, घर अजून तुमचं नाही. ओळखीतल्या एकाने दुसऱ्याच्या घराच्या खिडक्या शनिवार-रविवार घासून रंगवल्या, आणि पुढच्या आठवड्यात व्यवहार फिसकटला. किरकोळ बाबतीत सैनिक आणि लेंडर मिळून व्हीएकडे सूट मागू शकतात, पण घर राहण्याजोगं असायलाच हवं.

इन्स्पेक्शनचा रिपोर्ट लेंडरला द्यायचा का?

रिपोर्टचे पैसे तुम्ही दिलेत, तो तुमचा. लेंडर सहसा मागत नाही. पण दुरुस्त्यांची लांबलचक यादी करारातला बदल म्हणून जोडलीत तर ती लेंडरच्या नजरेला येते, आणि त्यातलं काही किमान अटींशी भिडत असेल तर तीच तुमच्यासमोर अट म्हणून उभी राहते. म्हणून बरेच एजंट दुरुस्त्यांच्या यादीऐवजी किंमत कमी करा किंवा क्लोजिंगच्या खर्चात मदत द्या असं मागतात.

घर नवं कोरं आहे, बिल्डरने नुकतंच बांधलंय. तरी इन्स्पेक्टर?

तरी. शक्य असेल तर भिंतींवर ड्रायवॉलचे तक्ते चढण्याआधी एकदा, तारा आणि पाइप उघडे असताना. आणि बिल्डरची वर्षाची हमी असेल तर अकराव्या महिन्यात पुन्हा एकदा, म्हणजे जे निघेल ते त्याच्या खर्चाने.

कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट घ्यायचाय.

आधी ती इमारत व्हीएच्या मान्य यादीत आहे का बघा. यादी सगळ्यांना खुली आहे. नसेल तर अप्रेझल-इन्स्पेक्शनचा विचार नंतरचा.

घर पूर्वाभिमुख आहे, देवघराला ईशान्य कोपरा आहे. अप्रेझलमध्ये किंमत वाढेल?

नाही हो. पण पुढे विकताना आपलंच कुणीतरी येईल, तेव्हा वाढेल.

बाबा भारतीय सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या नावावर व्हीए कर्ज मिळेल?

नाही. हक्क अमेरिकन सैन्यातल्या सेवेचा आहे. बाबांना मानाने घर बघायला घेऊन जा. भिंतीवर टिचकी मारून पोकळी ओळखणारी ती पिढी आहे.

बदलीची ऑर्डर आली, घर न बघताच घ्यावं लागतंय.

लष्करी कुटुंबांना हे नवं नाही. तुम्ही ड्यूटीवर असाल तर तिथे राहायला जाण्याची अट जोडीदारही पूर्ण करू शकतो. अशा वेळी इन्स्पेक्टर हेच तुमचे डोळे. टेक्सासमध्ये त्यांना राज्याचा परवाना लागतो, कॅलिफोर्नियात असा राज्य-परवानाच नाही, त्यामुळे तिथे माणूस जास्त चौकशी करून निवडा. नमुना रिपोर्ट मागा. शेवटच्या अर्ध्या तासात व्हिडिओ कॉल करून प्रत्येक गंभीर गोष्ट जाग्यावर दाखवायला सांगा. एजंटने सुचवलेला एक आणि स्वतः शोधलेला एक, असे दोन पर्याय ठेवा.

इन्स्पेक्शनच्या दिवशी आम्ही जावं का?

जा, पण पहिल्या तासाला मागे-मागे फिरू नका, त्याला काम करू द्या. शेवटी पोहोचा आणि पाण्याचा मुख्य कॉक, गॅस बंद करायची जागा आणि विजेचं पॅनेल दाखवून घ्या. आणि आदल्या दिवशी एजंटला एक फोन : घरात वीज, पाणी, गॅस चालू आहे ना? बँकेच्या ताब्यातलं किंवा बरेच दिवस रिकामं घर असलं की तिन्ही बंद असतात. इन्स्पेक्टर येतो, नळ फिरवतो, कोरडा नळ बघून "तपासता आलं नाही" असं लिहितो आणि फी घेऊन जातो.